ताप आला नाही, मग लागली का?

आण्णांना कोरोनाची लस टोचली त्या रात्री नऊच्या सुमाराला त्यांना हुडहुडी भरली. अंगावर दोन वाकळा घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात. एक पॅरासिटामॉल, सहा तासांनी दुसरी, मग पहाटे घाम फुटला आणि ताप उतरला. सकाळी चहाचा कप घेऊन ते दारातल्या कट्ट्यावर बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आपणहून सांगू लागले, "एकशे दोन चढला हुता. लागली बघा चांगली."

आईला महिन्याभराने टोचली. तिला काही म्हणता काही झालं नाही. दंड जरा दुखतोय हे तिने कबूल केलं, तेही आम्ही चारदा विचारल्यावर. तिसऱ्या दिवशी भांडी विसळता विसळता म्हणाली, "माझ्या सुईत पाणीच हुतं बघ. ह्यांना कसा सणकून ताप आला. मला का न्हाई?"

हे २०२१ सालचं. १ मार्चला साठीच्या वरच्यांसाठी लस सुरू झाली आणि आण्णा दुसऱ्याच आठवड्यात जाऊन आले. आई तेव्हा गेली नाही. लस घेतल्यावर अमक्याची बहीण तमकं झाली, असं गल्लीत कुणीतरी सांगितलं होतं. १ एप्रिलला पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्यांना मुभा मिळाली, तेव्हा माझाही नंबर लागला आणि मी तिला गाडीवर मागे बसवून घेऊन गेलो. त्या दिवशी त्या केंद्रावर कोव्हॅक्सिन होती. आण्णांना दुसऱ्या केंद्रावर कोविशील्ड मिळालेली. यात निवड कुणाचीच नव्हती. पुरेशी माणसं जमल्याशिवाय सिस्टर बाटली उघडत नव्हत्या, कारण उघडली की चार तासांत संपवायची. जी उघडेल ती आपली.

पण टोचून झाल्यावर मात्र अख्ख्या कोल्हापुराला मत फुटलं. कुठली मिसळ भारी यावरून इथे जशी भावाभावांत अबोला धरायची पद्धत आहे, तशीच कुठली लस भारी यावर कट्ट्याकट्ट्यावर खल सुरू झाला. आणि 'भारी'चं माप एकच, ते म्हणजे ताप किती आला. आमच्या घरात तर एकाच छपराखाली दोन पक्ष झाले.

माझं शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न शॉप आहे. फौंड्रीवाल्यांना ओतकामासाठी जो नमुना लागतो तो आम्ही बनवतो. तो वाळूत दाबायचा, काढायचा, राहिलेल्या पोकळीत रस ओतायचा. थोडक्यात, आकार दाखवायचा आणि बाजूला व्हायचं, हा आमचा धंदा. त्या वर्षी धंदा अर्धाच होता, आणि ताईची मुलगी, जी विद्यापीठात मायक्रोबायोलॉजी शिकत होती, ती ऑनलाइन लेक्चरसाठी माझ्या केबिनमध्ये येऊन बसायची. घरी तिला नेटवर्क मिळत नव्हतं. आईची तक्रार मी तिच्या कानावर घातली तर लॅपटॉप मिटून म्हणाली, "मामा, तू बस. मी सांगतो." (आमच्याकडे पोरीसुद्धा 'मी सांगतो'च म्हणतात, परगावच्यांनी गोंधळू नये.) पुढचे कित्येक दिवस ती शरीराची भाषा बोलत राहिली आणि मी मनात तिचं वर्कशॉपच्या भाषेत भाषांतर करत राहिलो.

कोल्हापूरचा माणूस लशीवर लिहायला बसला की तालमीची उपमा देणार, हे ठरलेलं. लस म्हणजे वस्ताद वगैरे. मी ती देत नाही. मला तालमीतलं कळत नाही, लाकडातलं आणि लोखंडातलं थोडं कळतं.

तर विषाणूच्या अंगावर काटे असतात. त्या काट्याला स्पाइक प्रथिन म्हणतात. आपल्या पेशींवर एसीई-२ नावाची एक मूठ असते, तिला हा काटा जाऊन अडकतो आणि विषाणू आत शिरतो. तो काटाच पकडला की काम फत्ते. म्हणून जवळजवळ सगळ्या लसवाल्यांची धडपड एकच होती, की खरा विषाणू येण्याआधी शरीराला हा काटा नीट बघायला मिळावा. फरक पडतो तो काटा कसा दाखवायचा यात.

माझ्याकडे गिऱ्हाईक तीन तऱ्हेने येतं. एक जण जुना, मोडका, ग्रीसने माखलेला अख्खा पार्टच पोत्यातून आणतो आणि टेबलावर टाकतो, "ह्याच्यासारखा करून द्या." दुसरा हुशार असतो. सगळं धूड आणत नाही, हवा तेवढाच तुकडा कापून, पुसून आणतो. तिसरा काहीच आणत नाही, ड्रॉइंग पाठवतो आणि पार्ट तुम्हीच बनवा म्हणतो. भाची बोलत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर ही तीन गिऱ्हाइकं उभी राहिली.

आईची कोव्हॅक्सिन पहिल्या तऱ्हेची. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत वेगळा केलेला विषाणू, हैदराबादच्या भारत बायोटेकने माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींमध्ये वाढवला आणि बीटा-प्रोपिओलॅक्टोन नावाच्या रसायनाने मारून टाकला. मेलेला, पण अंगकाठी शाबूत. पेशीत शिरता येत नाही, पिल्लं घालता येत नाहीत, पण काटे आणि बाकीचं अंग बघून घ्या. ही कल्पना जुनी आहे. मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिनने प्लेगचे जंतू रश्शात वाढवून, उष्णता देऊन मारले आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचून घेतले.

आता मेलेल्या वस्तूची अडचण अशी की शरीर तिच्याकडे फारसं लक्ष देत नाही. रस्त्याकडेला पडलेल्या भंगारासारखं तिला आवरून टाकतं. म्हणून तिच्यासोबत काहीतरी खुपणारं द्यावं लागतं. कोव्हॅक्सिनमध्ये अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचं जेल असतं. हे ऐकून आई एकदम सरसावली, कारण हे तिच्या ओळखीचं निघालं. पुराच्या दिवसांत टँकरचं गढूळ पाणी आलं की ती हंड्यात तुरटी फिरवते. तुरटी पाण्यात फिरवल्यावर हेच जेल तयार होतं, त्याला गाळ चिकटतो आणि खाली बसतो. लशीत त्याला मेलेला विषाणू चिकटतो, टोचल्या जागी रेंगाळतो आणि गस्तीवरच्या पेशींच्या नजरेत भरतो. अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारांची ही करामत १९२६ पासून माहीत आहे. कोव्हॅक्सिनमध्ये त्या जेलला आणखी एक रेणू जोडलेला आहे, जो गस्तीच्या पेशींना 'हा विषाणूच आहे बरं का' असं सुचवतो.

"म्हंजे तुरटी टोचली मला," आई म्हणाली. तिचं समाधान झालं की अपमान, हे तेव्हा कळलं नाही.

आण्णांची कोविशील्ड तिसऱ्या तऱ्हेची. त्यात कोरोनाचा काटा नव्हताच, काट्याचं ड्रॉइंग होतं. ऑक्सफर्डवाल्यांनी चिंपांझीला सर्दी करणारा एक अ‍ॅडिनोव्हायरस घेतला, त्याची वाढायची किल्ली काढून टाकली आणि त्याच्या पोटात काट्याचा जनुक बसवला, म्हणजे हा विषाणू नुसती ड्रॉइंग पोचवणारी गाडी. पुण्यात सिरमने ती बनवली. चिंपांझीचाच का, तर माणसांतल्या अ‍ॅडिनोव्हायरसची सर्दी आपल्याला कधी ना कधी झालेली असते, त्यामुळे ती गाडी शरीर वेशीवरच अडवायचं. चिंपांझीची गाडी अनोळखी, ती आत जाते, पेशीच्या केंद्रकात ड्रॉइंग टाकते आणि मग आपलीच पेशी काटे बनवू लागते. आपल्या जनुकांत ते ड्रॉइंग चिकटवलं जात नाही, काम झालं की संपतं.

एका डोसमध्ये अशा किती गाड्या? सुमारे ५ हजार कोटी. मी आकडा दोनदा विचारून घेतला.

इथे आण्णांच्या तापाचा उलगडा झाला. दंडात एकदम ५ हजार कोटी परक्या गाड्या शिरल्यावर शरीराची जी पहिली, अडाणी पण तत्पर फळी असते, ती बोंब ठोकते. कोण आहे, काय आहे हे तिला कळत नाही, परकं आहे एवढं कळतं. ती रसायनं सोडते, मेंदू तापमान वाढवतो, हुडहुडी भरते. म्हणजे आण्णा ज्या तापाची बढाई मारत होते तो बराचसा कुरिअरच्या गाडीवर आलेला ताप होता. पार्टचं काम अजून सुरूही व्हायचं होतं. काट्याची खरी ओळख पटवणारी दुसरी फळी जागी व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि ती काम करते तेव्हा बाहेर सहसा काही दिसत नाही.

मी हे घरी जाऊन आण्णांना सांगितलं नाही. कट्ट्यावर त्यांचं नाव झालं होतं.

ड्रॉइंगवाल्या लशींचे अजून प्रकार निघाले. शॉपमध्ये मास्टर ड्रॉइंग ऑफिसच्या कपाटात असतं. ते कुणी खाली मशीनवर नेत नाही, त्याची झेरॉक्स जाते. त्या झेरॉक्सवर चहाचे डाग पडतात, कूलंट सांडतं, आणि जॉब झाला की ती हात पुसायला वापरतात. पेशीत डीएनए म्हणजे कपाटातलं मास्टर, एमआरएनए म्हणजे ती झेरॉक्स. फायझर आणि मॉडर्नाने गाडीच काढून टाकली, नुसती झेरॉक्स चरबीच्या बारीक थेंबात गुंडाळून दिली. ती ऑफिसात, म्हणजे केंद्रकात जातच नाही. बाहेरच्या बाहेर वाचली जाते आणि काही दिवसांत तिचा चुरा होतो. यात गोम अशी होती की बाहेरून आलेली झेरॉक्स शरीर ओळखायचं आणि वाचायच्या आधीच दंगा करायचं. कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं की एका अक्षराची किंचित घडण बदलली तर हा दंगा शमतो. त्याबद्दल २०२३ चं नोबेल त्यांना मिळालं. मधली अठरा वर्षं बघा. फायझरची लस सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागायची. आमच्याकडे मे महिन्यात लाइट गेली की दुधाची पिशवी टिकत नाही, तिथे ती कुठून येणार. साध्या फ्रीजमध्ये राहणारी आपली पहिली एमआरएनए लस पुण्याच्या जिनोव्हाने केली, तिला २०२२ च्या जूनमध्ये परवानगी मिळाली. त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये अहमदाबादच्या झायडसची झायकोव्ह-डी आली होती. तिच्यात थेट मास्टरचीच, डीएनएची प्रत, आणि ती सुईशिवाय, दाबाच्या फवाऱ्याने कातडीत घालायची. माणसांसाठी मान्यता मिळालेली जगातली ती पहिली डीएनए लस. तिचे तीन डोस. आमच्या ओळखीत ती घेतलेला एकही जण नाही.

दुसऱ्या तऱ्हेचं गिऱ्हाईक, म्हणजे नेमका तुकडा पुसून आणणारं, माझ्या धाकट्याच्या वाट्याला आलं. तो तेव्हा तेरा वर्षांचा. १६ मार्च २०२२ पासून बारा ते चौदाच्या पोरांना कॉर्बेव्हॅक्स द्यायला लागले. त्यात सबंध काटाही नाही, काट्याचं फक्त टोक, जे मुठीला अडकतं तेवढंच. ते बनवतात यीस्टमध्ये. सोबत पुन्हा अ‍ॅल्युमिनियम. त्याच तऱ्हेच्या कोव्होव्हॅक्स लशीत मात्र सबंध काटा आहे, पतंगाच्या पेशींत वाढवलेला, आणि सोबत चिलीतल्या एका झाडाच्या सालीतलं सॅपोनिन. सॅपोनिन म्हणजे आपल्या रिठ्याला ज्यामुळे फेस येतो ते. तुरटी झाली, रिठा झाला. आता शिकेकाईचा नंबर कधी, असं आईने विचारून घेतलं.

यातली एक गोष्ट कारागीर म्हणून मला फार आवडली. हा काटा स्प्रिंगसारखा असतो. पेशीला अडकायच्या आधी त्याचा एक आकार, अडकल्यावर फटकन सुटून दुसरा. नुसता काटा बनवून ठेवला तर तो आपोआप सुटतो आणि शरीर चुकीचा आकार शिकतं. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच्या साखळीत दोन ठिकाणी प्रोलीन नावाचे ताठर मणी घातले, म्हणजे तो सुटायचा थांबला. आम्ही वेल्डिंगआधी दोन टाके मारून जॉब जागच्या जागी धरून ठेवतो, अगदी तसं. फायझर, मॉडर्ना आणि कोव्होव्हॅक्सच्या काट्याला हे टाके आहेत, कोविशील्डच्या काट्याला नाहीत. दोन टाक्यांसाठी कुणीतरी किती वर्षं डोकं घातलं असेल, हे टाके मारणाऱ्यालाच कळतं.

माझी गोष्ट राहिली. मलाही ताप आला नाही, पण चौथ्या दिवशी टोचलेल्या बाजूच्या काखेत हरभऱ्याएवढी गाठ लागली. रात्रभर नको नको ते मनात आलं. सकाळी आईला दाखवली तर तिने बोटाने चाचपली आणि म्हणाली, "अवधाण आलंय. पायाला लागलं की जांघंत येतं, तसंच हे." पाच दिवसांत गेलीही.

भाचीला सांगितलं तर ती हसायला लागली. "मामा, तुझा कारखाना तिथं आहे." दंडातल्या गस्तीच्या पेशी विषाणूचे किंवा काट्याचे तुकडे तोंडात धरून काखेतल्या लसिकाग्रंथीत जातात. तिथे लाखो बी पेशी रांगेत असतात, प्रत्येकीच्या हातात वेगळ्या मापाचं गेज, म्हणजे माप तपासायचं हत्यार. तुकड्याला ज्या गेजचं माप थोडंफार जुळतं ती पेशी निवडली जाते, टी पेशी नावाच्या दुसऱ्या रक्षक पेशींनी दुजोरा दिला की ती वाढू लागते. पण 'थोडंफार' चालत नाही. आमच्याकडे गो, नो-गो गेज बनवतात तेव्हा जसं कानशीचे दोन हात मारायचे, बसवून बघायचं, पुन्हा दोन हात, तसं त्या पेशी आपल्या गेजच्या जनुकात बारीक बारीक बदल करत जातात. जिचं माप जास्त चपखल बसलं ती जगते, बाकीच्या मरतात. हे घासकाम टोचल्यानंतर कित्येक आठवडे चालू असतं. तयार गेज म्हणजे अँटिबॉडी. त्या रक्तात सोडल्या जातात, खऱ्या विषाणूच्या काट्यावर जाऊन बसतात आणि मग तो मुठीत अडकत नाही.

आणि इथेच अख्खा पार्ट आणि ड्रॉइंग यांत एक फरक पडतो. ड्रॉइंगवरून काटा आपल्या पेशीच्या आत बनतो. आत जे बनतं त्याचे तुकडे पेशी आपल्या दारात मांडून ठेवते. ते बघून मारेकरी टी पेशी तयार होतात, ज्या पुढे विषाणू शिरलेली पेशीच संपवतात. मेलेला विषाणू आत शिरून काही बनवत नाही, त्यामुळे ही फळी साधारणपणे कमी जागी होते. उलट त्यात काट्याखेरीज विषाणूचं बाकीचं अंगही दिसतं, जे ड्रॉइंगवाल्या लशींत दिसत नाही. त्या वर्षी लोक लॅबमध्ये जाऊन अँटिबॉडीचा आकडा काढून आणायचे आणि शर्टाच्या खिशात चिठ्ठी घेऊन फिरायचे. हजार रुपयांत मिळणाऱ्या त्या आकड्यात ना टी पेशी दिसायच्या, ना आठवण ठेवणाऱ्या पेशी. ती चिठ्ठी म्हणजे फॅक्टरीच्या गेटवर उभं राहून गाड्या मोजणं.

माझ्याकडे सत्तरीच्या पुढचे एक मिस्त्री आहेत. सागवानात पॅटर्न कोरणारी ती शेवटची पिढी. हे सगळं ते कोपऱ्यात रंधा मारत ऐकत होते. एका दुपारी त्यांनी सदऱ्याची बाही वर केली. दंडावर दोन गोल खुणा, रुपयाएवढ्या. "आमच्या येळला आठवड्यानं माणूस बघाय यायचा. फोड आला का? न्हाई आला तर लागली न्हाई. परत टोचायचा." देवी काढणारा गावात आला की पोरं उसाच्या फडात पळायची, मिस्त्रीही पळाले होते.

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. 'लागली का' हा आईचा प्रश्न आडाणीपणाचा नव्हताच. देवीची लस जिवंत विषाणूची. तो दंडावर खरोखर फोड आणायचा, खपली धरायचा, व्रण ठेवायचा. गाईच्या देवीवरून जेनरने १७९६ मध्ये जी वाट काढली, ती १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर आली आणि तिथून देशभर. पावणेदोनशे वर्षं या देशातल्या माणसांनी दंडावर फोड बघून लस लागल्याची खात्री करून घेतली. खूण नाही तर लस नाही, हा त्या काळचा अगदी शास्त्रशुद्ध नियम होता. नियम घराघरांत राहिला, लस मात्र बदलली.

आण्णांचा दुसरा डोस हे वेगळंच रामायण. आधी सांगितलं चार ते सहा आठवडे. २२ मार्चला ते सहा ते आठ झाले. मे उजाडला आणि लस गायब. पहाटे पाचला चप्पल ठेवून नंबर धरायचा, नऊला पोरगा येऊन पुठ्ठा लावायचा, 'आज लस शिल्लक नाही'. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी एका केंद्रावर नव्वद टोकन वाटली आणि आमचं एक्केचाळिसावं असूनही तेहतीसला बाटल्या संपल्या. उरलेल्या कुठे गेल्या हे विचारणाऱ्याला गेटाबाहेर काढलं. त्यात १३ मेला अंतर एकदम बारा ते सोळा आठवड्यांचं झालं. कट्टा म्हणाला, माल नाही म्हणून तारीख वाढवली. माल नव्हता हे खरंच होतं. पण ऑक्सफर्डच्या चाचण्यांत सहा आठवड्यांपेक्षा कमी अंतर असलेल्यांत ५५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिसलं होतं आणि बारा किंवा जास्त आठवडे असलेल्यांत ८१, हेही खरं. काखेतलं घासकाम पूर्ण होऊ द्यावं लागतं. शिवाय पहिल्या डोसात शरीर गाडीचाही नंबर लिहून ठेवतं. लगेच तीच गाडी परत पाठवली तर ती अडवली जायची शक्यता जास्त. रशियाच्या स्पुटनिकने म्हणूनच दोन डोसांना दोन वेगळ्या गाड्या वापरल्या. जूनमध्ये आण्णांना दुसरा डोस मिळाला. ताप आला नाही. त्यावर ते कट्ट्यावर काही बोलले नाहीत.

आणि मग जुलैत पूर आला.

आमचं घर शाहूपुरीत, जयंती नाल्याच्या अंगाला. पंचगंगा फुगली की नाल्याचं पाणी उलटं फिरतं आणि आमच्या गल्लीत येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते आलं तेव्हा आम्ही दारात उभं राहून बघत होतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे पेपरात वाचलेलं. पण आपल्या उंबऱ्याचा आणि त्या फुटांचा हिशोब कुणाला ठाऊक होता? पाणी उंबऱ्याला लागल्यावर पळापळ. फ्रीज गेला, पिठाचे डबे गेले, ताईच्या लग्नाचा अल्बम गेला, गाद्यांचा वास तर दिवाळीपर्यंत.

२०२१ ला आई टीव्हीसमोर बसली होती. नदी ३९ फुटांवर, एवढं ऐकलं आणि उठली. कुणाला काही विचारलं नाही. फ्रीज टेबलावर, डबे माळ्यावर, कागदपत्रं आणि औषधं वरच्या मजल्यावरच्यांकडे. रात्री जेवायच्या आत घर रिकामं. दुसऱ्या दिवशी पाणी आलं, घरातही शिरलं, शिरोलीजवळ हायवे पुन्हा बुडाला. चिखल निघायला आठ दिवस लागले. फ्रीज मात्र चालू होता.

भाची मदतीला आली होती. बादलीने चिखल काढता काढता म्हणाली, "आजी, तू मेमरी सेल हैस बघ." आईला वाटलं मोबाइलचं काहीतरी. मला मात्र तेव्हा स्वच्छ उमगलं, की ग्रंथीत आणि हाडांच्या मगजात ज्या पेशी वर्षानुवर्षं गप्प बसून असतात त्या नेमकं काय करतात. इशारा पातळीला उठतात.

पाणी घरात शिरलंच नाही असं मात्र झालं नाही, आणि लशीचंही तेच झालं. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन आला तेव्हा सगळ्यांचे दोन दोन डोस झालेले असताना आमचं घर ओळीने आडवं झालं. "मग टोचून काय उपयोग?" हा प्रश्न तेव्हा घराघरांत होता. दंडात टोचलेल्या लशीच्या अँटिबॉडी मुख्यतः रक्तात फिरतात. नाका-घशाच्या ओल्या अस्तरावर पहारा देणाऱ्या वेगळ्या जातीच्या असतात, त्या अशा लशीने फार तयार होत नाहीत. आणि ओमायक्रॉनने काट्याचा आकार इतका बदलला होता की जुनी गेज सैल बसत होती. विषाणू नाकात शिरला, घसा धरला. पण फुप्फुसापर्यंत उतरायला त्याला दिवस लागतात आणि तेवढ्यात आठवण असलेल्या पेशी उठल्या. आण्णांना तीन दिवस खोकला, आईला दोन दिवस कणकण. ऑक्सिमीटर ९६ च्या खाली गेला नाही. त्याच्या आदल्या वर्षी, मे महिन्यात, आमच्याच गल्लीतून चार तिरड्या उठल्या होत्या, त्यातल्या तिघांची एकही सुई झाली नव्हती. यावर मला जास्त लिहायचं नाही. नाकात थेंब टाकायची लसही पुढे आली, २६ जानेवारी २०२३ ला, भारत बायोटेकचीच. पण तोवर लोकांचं कुतूहल संपलं होतं.

एक गोष्ट मात्र लिहायला पाहिजे, नाहीतर हा लेख जाहिरात होईल. गाडीवाल्या लशींनंतर अगदी थोड्या लोकांत रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी झाल्या, आणि त्यात माणसं दगावली. एमआरएनए लशींनंतर विशेषतः तरुण मुलांत, तेही दुसऱ्या डोसानंतर, हृदयाच्या स्नायूला सूज आल्याचं आढळलं. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या खटल्याची बातमी आली, तेव्हा आण्णा दंड चोळत विचारायला लागले, "आता मला हुईल का?" तो धोका टोचल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतला असतो, तीन वर्षांनंतरचा नव्हे, हे त्यांना सांगितलं. पण ज्याच्या घरातला माणूस गेला त्याच्यासमोर 'अगदी थोड्या' हा शब्द उच्चारायची माझी हिंमत नाही.

आईचा तिसरा डोस ओमायक्रॉनमुळे लांबला. मे २०२२ मध्ये गेलो. पुन्हा कोव्हॅक्सिनच, पण आता रांग नव्हती. सिस्टर एकट्याच पंख्याखाली बसल्या होत्या. "मी जातो आत, तू बस हितंच," म्हणून आई गेली, पाच मिनिटांत बाही खाली करत बाहेर आली. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर म्हणाली, अंग मोडून आलंय. आठ वाजता थर्मामीटर लावला तर एकशे एक.

भाची घरातच होती. दोन डोस, वर खरा आजार, त्यामुळे आधीच सावध असलेलं शरीर तिसऱ्या वेळी जोरात उसळलं असेल, असं काहीतरी ती मला हळू आवाजात सांगत होती. तेवढ्यात आई अंगावर वाकळ घेऊन, भिंतीचा आधार घेत दारापर्यंत गेली आणि समोरच्या घराच्या खिडकीकडे बघून ओरडली,

"अगं ए! लागली गं ह्या येळंला!"